सिगारेटच्या पाकिटातली चांदी

भाजी घेताना मी आधी रिकामा काटा बघते. शून्यावर आहे ना, हे दिसल्याशिवाय पिशवी पुढं करत नाही. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतला भाजीवाला मला लांबून बघूनच ताटली उचलून दाखवतो आणि म्हणतो, घ्या ताई, तपासा. तो टोमणा असतो हे मला कळतं, तरी मी बघतेच. चिकलठाण्याच्या कंपनीत मापाच्या खोलीत बावीस वर्षं काढली की माणसाचं हे असं होतं. समोर कुणी काहीही आणून ठेवलं की पहिला विचार येतो, ह्यात कुठंतरी गफलत आहे. मी लग्न केलं नाही. आई म्हणते, बरंच झालं, हिनं सासूला आधी मोजून घेतलं असतं.

आबा, म्हणजे माझे वडील, मिस्त्री. घराच्या मागं त्यांची पत्र्याची शेड आहे, पुढं शहाबादी फरशीचं अंगण. चाळीस वर्षं ते गाड्यांची इंजिनं उघडतात आणि बांधतात. आता नवीन गाड्या त्यांच्याकडं येत नाहीत, पण जुन्या गाड्या जपणारी माणसं अजून त्यांनाच शोधत येतात. कारण एकच. मिस्त्रीनं ‘बास’ म्हणलं की विषय संपला. हा आबांचा शब्द. काम नीट झालं की ते दुसरं काही बोलत नाहीत, हात पुसतात आणि बास म्हणतात. त्यांनी बास म्हणलेलं इंजिन परत आलंय असं मी लहानपणापासून पाहिलं नाही.

ते माप कसं घेतात हे सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा मुख्य दांडा. तो बेअरिंगच्या अर्धगोल पाट्यांमध्ये बसतो, आणि दांडा अन् पाटी ह्यांच्यात तेलापुरती फट लागते. फट कमी पडली तर तेल शिरत नाही, दांडा तापतो आणि चालतं इंजिन जागेवर जाम होतं. फट जास्त झाली तर तेलाचा दाब टिकत नाही, इंजिन ठोकायला लागतं. आमच्या कंपनीच्या भाषेत ही फट तीस ते साठ मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो, म्हणजे बघा.

आबा ही फट सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीनं, म्हणजे आतल्या चमकत्या कागदानं बघतात. स्वतः ओढत नाहीत. कोपऱ्यावरचा टपरीवाला एकाच छापाच्या पाकिटातली चांदी त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो, दुसऱ्या छापाची दिली तर आबा हातात घेताच परत करतात. तिची बोटाएवढी पट्टी कापायची, तेल लावून पाटीवर ठेवायची, मधे क्रँक, वरून दुसरी पाटी धरणारी कॅप, तिचे बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर देणाऱ्या पान्यानं, कसायचे आणि क्रँक हातानं फिरवायचा. हललाच नाही तर फट कमी. सुळकन फिरला तर फट जास्त. जड फिरला, पण अडखळला नाही, की पट्टी काढायची आणि म्हणायचं, बास. मी एकदा त्यांच्या नकळत ती चांदी माझ्या मायक्रोमीटरनं मोजली होती. पन्नास मायक्रॉन. दहा पट्ट्या मोजल्या, दहाही पन्नासच्या आसपास. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण खरं सांगते, रागच आला. आम्ही वातानुकूलित खोलीत बसून जे करतो ते ह्या माणसानं टपरीवरच्या कचऱ्यात शोधून काढलं होतं.

मागच्या हिवाळ्यापासून मात्र मला त्यांचाच संशय यायला लागला. सकाळी चहाचा कप उचलताना त्यांचा उजवा अंगठा थरथरायचा. एकदा हातात धरलेला पाना ते दहा मिनिटं शोधत राहिले. शेजारच्यांच्या स्कूटरचा एक नट त्यांनी वाकड्या आट्यात कसला, तो कापून काढावा लागला. आई म्हणाली, वय झालंय, चालायचंच. मला ते ‘चालायचंच’ आवडत नाही. मी कंपनीतून आले की शेडमध्ये जाऊन उभी राहायची आणि त्यांच्या हातावर डोळा ठेवायची. त्यांना ते कळत होतं. एकदा माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, आज कुणाची तपासणी हाय? मी म्हणलं, सहज आले.

मग मे महिन्यात मास्तरांची गाडी आली. मास्तर खुलताबादचे, तिथल्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. आबांची आणि त्यांची दोस्ती माझ्या वयाची. जुनी डिझेलची गाडी, तिचं इंजिन ठोकत होतं. बायकोला आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात आणावं लागायचं, म्हणजे दोनदा दौलताबादचा घाट उतरायचा आणि दोनदा चढायचा. मास्तरांची एक सवय होती. काम झालं की चावी हातात घेऊन आबांसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, “बास का, मिस्त्री?” आबांनी बास म्हणलं की मगच गाडीत बसायचे. ह्या वेळी गाडी सोडताना म्हणाले, घाई नाही, पण बेगमला बसमध्ये उभं राहवत नाही.  तो थरथरणारा अंगठा आणि तो घाट, दोन्ही माझ्या डोळ्यापुढं एकदमच आले.

आबांनी इंजिन उघडलं. क्रँक घासला गेला होता, तो ग्राइंडिंगला पाठवून एक साइज कमी करून आणला, त्या मापाच्या नव्या पाट्या आणल्या. पाचही मेन बेअरिंगला चांदी लावून बघितली, पाच वेळा बास म्हणाले. मग शेवटच्या बांधणीआधी क्रँक परत काढला, डिझेलनं धुतला आणि अंगणात भिंतीशी उभा करून ठेवला. त्याच दिवशी पैठणकडच्या गावाहून त्यांचे चुलते गेल्याचा फोन आला. आबा दुपारच्या गाडीनं गेले. जाताना मला एवढंच म्हणाले की क्रँक उचलून आत घे आणि फडकं टाकून ठेव. मी हो म्हणलं आणि आत घेतलाच नाही. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, आणि आबा घरी नव्हते. असा मोका परत कधी मिळणार होता?

दुपारी दोनच्या सुमारास मी माझा मायक्रोमीटर घेतला. भोक मोजायचं डायल गेजही माझ्याकडं होतं. शेडमध्ये इंजिनाच्या ब्लॉकला पाट्या आणि कॅप बसवून टॉर्क पान्यानं कसून आतलं माप घेतलं. मग अंगणात जाऊन क्रँकचं माप घेतलं. फडकं गुंडाळून धरावा लागला इतका तो तापला होता, आणि मी, बावीस वर्षं मापाच्या खोलीत काढलेली बाई, फडकं गुंडाळून माप घेत राहिले. वजाबाकी केली. सत्तावीस मायक्रॉन. पाचही ठिकाणी सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. म्हणजे तीसच्या खाली. म्हणजे कमी. म्हणजे आबांचं ‘बास’ चुकलं होतं.

मला वाईट वाटलं असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. त्या क्षणी मला बरं वाटलं. बघा, मी म्हणतच होते, असं बरं.

आबा येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. पण मी मनात ठरवून टाकलं की ते काही ऐकायचे नाहीत, आणि सांगून उगाच त्यांना दुखवायचं कशाला. किती काळजी बघा माझी! क्रँक गोणपाटात गुंडाळून रिक्षात घातला आणि ज्याच्याकडं आबा नेहमी काम देतात त्याच ग्राइंडिंगवाल्याकडं नेला. त्याला म्हणलं, पाचही मेन जर्नलवरून, म्हणजे दांड्याच्या पाट्यांत बसणाऱ्या भागांवरून, वीस मायक्रॉन अजून काढा. तो बिचकला. त्यानं क्रँक हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, “उस्तादनी पास केलेला क्रँक आहे हा. त्यांना माहीत हाय का, ताई?”

“त्यांनीच सांगितलंय,” मी म्हणलं.

बास, एवढंच. आयुष्यात मी हजारो पार्ट नापास केले, पण सहीनिशी खोटं कधी लिहिलं नव्हतं. ते तोंडानं मात्र इतक्या सहज निघून गेलं की माझं मलाच पुढं कितीतरी दिवस खरं वाटेना.

आबा आले. हातपाय धुतले, चहा घेतला, शेडमध्ये गेले. वीस मायक्रॉन उतरवून मी आणून ठेवलेला क्रँक आत होता, फडकं टाकलेलं होतं, त्यांना वावगं काही दिसलं नाही. बांधणी करायची म्हणून त्यांनी क्रँक बसवला, आणि सवयीनं परत एकदा चांदी लावली. मी दारात उभी. त्यांनी कॅप कसली आणि क्रँक फिरवला. सुळकन फिरला. ते थांबले. कॅप सोडली, दुसरी पट्टी कापली, परत कसली, परत फिरवला. मग दुसऱ्या बेअरिंगला. मग तिसऱ्या. टपरीवर जाऊन ताजी चांदी घेऊन आले, तीही लावली. पाचही ठिकाणी दांडा सैल. तीन दिवसांपूर्वी ह्याच हातांनी पाच वेळा बास म्हणलं होतं. त्यांनी आपली बोटं नाकासमोर धरून बघितली, जणू त्यावर काही लागलंय.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. माझ्या हिशोबानं फट आता सत्तेचाळीस झाली होती, म्हणजे अगदी बरोबर. आणि ती आबांच्या हाताला सैल लागत होती. म्हणजे आधी कमी असताना त्यांना बरोबर लागली, आता बरोबर असताना जास्त लागते. मला वाटलं, गेला हात. शंभर टक्के गेला. मी तोंड उघडलं नाही. उलट मनात म्हणलं, बरं झालं वेळेवर कळलं, नाहीतर मास्तर आणि त्यांची बायको घाटात अडकली असती.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. ॲसिडिटी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना फोन करून बोलावून घेतलं. मास्तर बसनं आले, घामाघूम, हातात सीताफळाच्या बियांची पुडी, आबांनी कधीतरी मागितलेली. आबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं.

“मास्तर, गाडी दुसऱ्याकडं न्या. माझा हात गेला.”

मास्तरांना आधी वाटलं थट्टा चाललीय. मग त्यांनी आबांचा चेहरा बघितला.  मास्तर उठताना एवढंच म्हणाले की गाडी कुठं नेणार नाही, इथंच पडू द्या, बेगम बसनं येईल. ते गेल्यावर आबांनी शेडचं दार ओढून घेतलं. दिवसाउजेडी ते दार बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, तुला काही माहीत हाय का? मी नाय म्हणलं.

दोन दिवस ते शेडकडं फिरकले नाहीत. ओट्यावर बसायचे आणि अंगठा तर्जनीवर घासत राहायचे. मला ते बघवेना, पण माझ्या मनात अजून हेच की त्यांना एकदा नीट आकडे दाखवले तर पटेल. आता हातावर नको, मापावर चला, मी आहे ना. म्हणून तिसऱ्या दिवशी कंपनीची बस यायच्या आधी, सकाळी सहाला, मी शेड उघडली. क्रँक दोन दिवस आत सावलीत होता, हाताला गार लागला. मी माप घेतलं. वजाबाकी केली.

बासष्ट.

परत घेतलं. बासष्ट. पाचही ठिकाणी एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी मायक्रोमीटरवर संशय घेतला, त्याच्याबरोबरचा ठोकळा लावून शून्य तपासलं, शून्य बरोबर. मग डायल गेजवर संशय घेतला, तेही बरोबर. वीस काढले तर सत्तेचाळीस पाहिजे, बासष्ट कुठून? हे वरचे पंधरा मायक्रॉन कुठून आले? ग्राइंडिंगवाल्यानं जास्त काढलं, चोर, असं म्हणत मी तिथंच बडबडत होते, तेवढ्यात दारातून अंगणाकडं नजर गेली. भिंतीच्या त्या जागेवर ऊन नुकतंच टेकत होतं. क्रँक तिथं आदल्या दिवसापासून उभा होता. मी माप घेतलं तेव्हा दुपारचे दोन, मे महिना, फडकं गुंडाळल्याशिवाय हात लागत नव्हता.

लोखंड तापलं की फुगतं. हे पाचवीच्या पोराला माहीत असतं. आमच्या मापाच्या खोलीच्या दारावर पाटी आहे, माझ्या स्वतःच्या अक्षरातली: ‘पार्ट वीस डिग्रीला सहा तास ठेवल्याशिवाय हात लावू नये.’ एकदा ट्रकमधून गरमागरम उतरवलेला अख्खा माल मी मोजायलाच नकार दिला होता आणि सुपरवायझरला चारचौघांत झापलं होतं. आणि घरी मी तापलेला दांडा थंड भोकातून वजा केला. क्रँक पंधरा मायक्रॉननं फुगलेला होता. खरी फट होती बेचाळीस. आबांचं बास बरोबर होतं. नंतरचं सुळकनही बरोबर होतं. दोन्ही वेळा हात खरा बोलला होता, आणि खोटं बोलले होते मी आणि माझा मायक्रोमीटर. मी तिथंच फरशीवर बसले. कंपनीची बस आली, हॉर्न वाजवून निघून गेली.

आबा उठले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. ऊन, सत्तावीस, रिक्षा, वीस मायक्रॉन, बासष्ट. माझी लाज बाजूला ठेवून, एकही गोष्ट न गाळता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस, माय. नको करू असं.”

मी ओरडलेच. म्हणलं, आबा, मी खरं सांगतेय, आई शपथ. ते हसले. म्हणाले, तू कशाला चुकशील, तू मोजणारी. जन्मभर मी दुसऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि आता माझ्या खऱ्या शब्दावर माझा बाप विश्वास ठेवत नव्हता. कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

शेवटी मी त्यांना हाताला धरून ग्राइंडिंगवाल्याकडं घेऊन गेले. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, या उस्ताद, वीस काढल्यावर बरोबर बसला ना? ताई म्हणाल्या तुम्हीच सांगितलंय, म्हणून काढलं, नाहीतर मी हात लावला नसता. आबा माझ्याकडं वळले. क्रँकबद्दल एक शब्द बोलले नाहीत, वीस मायक्रॉनबद्दलही नाही.

“माझं नाव सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणलं. ते दुकानातल्या बाकावर बसले आणि थोडं पाणी मागून प्यायले. मग ग्राइंडिंगवाल्याला म्हणाले, काही नाही, पुढच्या साइजला उतरव, पाट्या मी आणतो. रिक्षात दोघं शेजारी बसलो होतो, आकाशवाणी चौकापासून घरापर्यंत आबा बाहेरची दुकानं बघत राहिले. मला वाटलं होतं शिव्या बसतील. बसल्या असत्या तर मी सुटले असते.

क्रँक परत आला. आबांनी एक अख्खा दिवस तो शेडमध्ये सावलीत ठेवला, मग बसवला. चांदी कापली, लावली, कॅप कसली, क्रँक फिरवला. मी दारात उभी होते, ह्या वेळी तपासायला नाही, तो एक शब्द ऐकायला. दांडा जड फिरला, अडखळला नाही. आबांनी परत फिरवला. परत फिरवला. चौथ्या वेळी थांबून माझ्याकडं बघितलं.

म्हणाले, “बघ बरं, किती येतं ते.”

मी म्हणलं, आबा, तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं. त्यांनी क्रँकवर हात तसाच ठेवला, कितीतरी वेळ.  मग म्हणाले, सांगता येईना गं. मी मोजलं. चव्वेचाळीस आलं. त्यांनी मान हलवली, पण पुढच्या बेअरिंगला चांदी लावली नाही. उरलेली चांदी घडी करून खिशात घातली आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

आठ दिवसांनी मास्तर गाडी न्यायला आले. या वेळी बेगमही बरोबर होत्या, ओट्यावर आईशी बोलत बसल्या. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं, आवाज एकदम साफ, शेजारच्या बायका खिडकीत आल्या. मास्तर खूश. त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली, कुठं गेला होता हात, म्हणून चिडवलं. मग नेहमीसारखे चावी हातात घेऊन समोर उभे राहिले आणि विचारलं, “बास का, मिस्त्री?”

आबा फडक्याला हात पुसत राहिले. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिले.

“तिला विचारा, मास्तर,” ते म्हणाले.

मास्तर माझ्याकडं वळले आणि चावी हातात धरून मी काय म्हणते त्याची वाट बघत उभे राहिले.